उतरा, म्हणजे किती अक्षरं?

(देवबाग. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला अरबी समुद्र. संगमाजवळ सुनामी बेटाच्या वाळूला होडी लागली आहे.)

होडीवाला : सायबांनू, उतरा!

भाषावाला : थांबा! लिहिताना तीन अक्षरं, तुमच्या तोंडात दोनच. उत्-रा. आणि मुलाला काय सांगता?

होडीवाला : झिलाक? उतर.

भाषावाला : उ-तर! 'त'मधला 'अ' परत आला! 'उतरला'? उ-तर-ला. 'उतरून'? पुन्हा उत्-रून.

होडीवाला : मगे तो 'अ' मधीच जाता खंय? पाण्यात?

भाषावाला : घशात. शेवटाकडून मागे यायचं नि 'अ' गिळायचा. पण शेजारचे दोन एकदम गिळायचे नाहीत. 'उतरला'त 'र'चा गिळला, म्हणून 'त'चा वाचला. 'समजला' स-मज-ला, पण 'समजून' सम्-जून!

होडीवाला : ह्यो नियम माका म्हायत नाय.

भाषावाला : तरी तुम्ही एकदाही चुकला नाहीत!

होडीवाला : चुकाक येळ खंय? भरती इली.

भाषावाला : गिळण्याचं झालं, आता जोराचं ऐका. मी इटालियन शिकतोय. तिथे 'पार्लो'मध्ये 'पा'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'लो'वर दिला तर 'तो बोलला'. 'ते बोलतात' म्हणजे 'पार्लानो'; तिथे जोर पुन्हा 'पा'वर. जोर हलला की माणूसही बदलतो, काळही!

होडीवाला : आमी बोंब मारली तरी उतरा म्हणजे उतराच.

भाषावाला : अगदी बरोबर! मराठीत जोरानं अर्थ बदलत नाही. पण काका, भजनात 'अ' गिळता?

होडीवाला : थंय सगळी अक्षरां लागतत. नायतर पखवाजवालो डोळे वटारता.

भाषावाला : कारण मोठा अभंग अक्षरं मोजतो : सहा, सहा, सहा, चार. तिथे गिळलेला 'अ' बाहेर काढावाच लागतो.

होडीवाला : भजनात काढा. होडयेत उतरा!

भाषावाला : उतरतो. उ-तर-तो! ऐकलंत? 'त' वाचला!

होडीवाला : 'त' वाचलो, वाळू बुडली.

भाषावाला : (वही उघडत) बुड्-ली! दोनच! 'ड'चा 'अ' गेला!

होडीवाला : बेट पण गेला. बसा, परत जावया.

भाषावाला : पण मी बेटावर पाय कुठे ठेवला? भाडं अर्धंच घ्या.

होडीवाला : सायब, उतरातलो 'अ' गिळा, समजलातलो गिळा. भाड्यातला काय्येक गिळूचा नाय!