माजावरचा बोकड आणि रस्सा

माजावर आलेल्या नराचे मांस खाण्याजोगे असते का, या प्रश्नाचे हरणापुरते उत्तर मराठवाड्यातल्या आष्टी तालुक्यात कायद्यानेच देऊन टाकले आहे. शेजारच्या कर्जत तालुक्यात २.१७ चौरस किलोमीटरचे रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून काळविटांसाठी राखून ठेवलेले आहे. पण काळवीट हद्दीचे दगड वाचत नाही. आष्टीच्या शिवारातही हरणांचे कळप उभ्या पिकात शिरतातच. माजावर आलेला नर रंगाने गडद होतो, माळाचा एक तुकडा आपला म्हणून धरतो, त्यावर लेंड्यांचा ढीग घालून ताबा सांगतो आणि डोळ्यापुढच्या ग्रंथीचा स्राव काडीकाडीला पुसत फिरतो. सातबाऱ्यावर नाव नसताना जमिनीसाठी इतका जीव टाकणारा प्राणी मराठवाड्यात दुसरा नाही. त्याला हात लावला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तीन ते सात वर्षे कैद आहे. त्यामुळे त्याच्या चवीचा विचार इथेच संपतो आणि प्रश्न बोकडावर येतो.

बोकड म्हणजे या भागात बहुधा उस्मानाबादी; काळाभोर, लांब कानांचा, दुष्काळातही बाभळीच्या शेंगांवर तग धरणारा. वयात आला की त्याची राहणी बदलते. तो स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, वरचा ओठ मुरडून आभाळाकडे पाहतो, आणि ही आपली सजावट झाली असे समजून कळपात हिंडतो. शिंगांच्या मागे त्याच्या कातडीत ग्रंथी असतात. खरा दरवळ तिथला. त्या वासात ४-एथिलऑक्टॅनोइक आम्ल असते. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये बोकडाच्या डोक्यावरून निघणारे ४-एथिलऑक्टॅनल हे द्रव्य शोधून काढले आणि त्याने शेळीच्या मेंदूतले प्रजननाचे चक्र जागे होते हे दाखवले. शेळीला जे आवडते ते सुनेला चुलीपाशी आवडेलच, असा मात्र त्या संशोधनाचा दावा नाही.

वासाखेरीज दुसरीही एक खोड असते. माजात बोकडाचे चाऱ्यावरून लक्ष उडते; टकरा आणि पाठलाग यांत दिवस जातो. युरोपातल्या तांबड्या हरणाचा नर या काळात वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा गमावतो. असा दमलेला प्राणी कापला की स्नायूंत ग्लायकोजेन उरलेले नसते, त्यामुळे पुरेसे लॅक्टिक आम्ल तयार होत नाही. मांस काळपट, कोरडे राहते आणि लवकर खराब होते. म्हणजे जो रुबाब पाहून पाहुणे मान डोलावतात, त्याचा खर्च मटणातूनच भागलेला असतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे करडू लहान असतानाच खच्ची करणे. पूर्वी दगडाने किंवा लाकडाने ठेचत. आता जनावरांच्या दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा असतो. इटलीतून आलेल्या या चिमट्याने कातडी न फाटता आतली नाडी चिरडते. मग बोकड शांत होतो, चरतो, अंगावर चरबी धरतो आणि वास येत नाही. संसारातून निवृत्त झालेल्या माणसाला मात्र चरबीच येते, मान मिळत नाही; बोकडाला बाजारात भावही चांगला मिळतो.

अडचण कंदुरीची, म्हणजे नवस फेडायच्या मटणाच्या जेवणाची. नवसाला सोडलेला बोकड अनेकदा खच्ची न करताच वाढवतात आणि नवस फिटेपर्यंत तो गावभर फिरून दोन-तीन वर्षांचा पक्का होतो. तो टाळता येत नाही, कारण देवाशी शब्द झालेला असतो. अशा वेळी कापणाऱ्याच्या हातावर सगळे अवलंबून. कातडी धरलेला हात मटणाला लागता कामा नये. केसांवरचा वास हाताने आत जातो. वासाचा मोठा वाटा चरबीत साठतो, म्हणून ती काढून टाकायची, मटण दह्यात मुरवायचे आणि मंद आचेवर वेळ द्यायचा. येसूर, खोबरे, लसूण वाढवून वास झाकू पाहणाऱ्याला शेवटी वास आणि मसाला दोन्ही मिळतात. मुंडीचा लोभ तर धरूच नये. ती कातडीसकट भाजतात आणि ग्रंथी नेमक्या तिथे असतात. होरपळलेला तो वास दोन आळ्यांपलीकडे आमंत्रण नसतानाही जातो.

तरीही कंदुरीत हे मटण संपते. पातेले मोठे, भूक मोठी, बाजरीची भाकरी चुरलेली, आणि नवस बोलणारा समोर उभा. अशा पंगतीत नाक मुरडायची हिंमत कुणाची होत नाही. चुकून कुणी विचारलेच, तर गावठी आहे, असे उत्तर मिळते, आणि त्यात बोकडाचे वय, चारित्र्य आणि छंद सगळे झाकले जाते.

स्वतःच्या पैशाने घेणाऱ्याला मात्र ही सोय नाही. त्याने सहा-आठ महिन्यांचे करडू घ्यावे, नाहीतर खच्ची केलेला बोकड. बाजारात ओळख पटवायची साधी रीत म्हणजे शिंगांच्या मागे बोट घासून हुंगणे. विकणाऱ्यालाही ही रीत ठाऊक असते. आदल्या संध्याकाळी त्याने बोकडाला घरच्या शॅम्पूने अंघोळ घातलेली असू शकते. दाढी मात्र बहुतेकांच्या लक्षातून राहून जाते, म्हणून दुसरे बोट तिथे घासावे.