पाच मिनिटांच्या चित्रकारास

श्री. नकाशाकार महाशय यांस,


आपली प्रत्यक्ष ओळख नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकात शेवटून दुसऱ्या पानावर तुमची कलाकृती असते आणि तिच्याखाली सही नसते. त्यामुळे तुमचा पत्ता काही लागला नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर टाकतो आहे.

मरोळमध्ये आम्ही पहिलं घर घेतलं ते तुमच्या त्या पानावर भाळून. पुढच्या पानांवर क्लबहाउस होतं, इटालियन फरशी होती, टॉवेल गुंडाळून हसणारी एक बाईही होती. पण आमचे चिरंजीव तेव्हा दोन वर्षांचे होते, त्यामुळे आमचं बोट थेट तुमच्या नकाशावर गेलं. मधोमध लाल ठिपका, तो आमचा टॉवर. भोवती पाच शाळा, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पदवीदानाची काळी टोपी. ज्या मुलाला अजून शी-शू सांगता येत नव्हती, त्याच्या शाळेला तुम्ही पदवीची टोपी घातलीत, ही दूरदृष्टी मानली पाहिजे. टोप्यांखाली लिहिलं होतं: ५ मिनिटं, ५ मिनिटं, ७ मिनिटं, ५ मिनिटं, ८ मिनिटं. ही मिनिटं पायी, रिक्षाने की ताफ्यात लाल दिवा लावून, हे लिहायला बहुधा जागा उरली नसावी.

आता तुमच्या भूगोलाकडे येतो. मरोळ-मरोशी रस्ता तुम्ही पट्टी धरून ओढला आहे. त्या रस्त्याने कधी सकाळी सव्वासातला या. एका बाजूला खोदकाम, दुसऱ्या बाजूला दुहेरी पार्किंग, मधे टेम्पो मागे घेणारा एक आणि त्याला हात करून चुकीची दिशा दाखवणारे चार. फुटपाथ आहे, पण त्यावर मुलाचं बोट धरून चालायला आधी मोटरसायकली उतरवाव्या लागतील. मासळी बाजार तुमच्या नकाशात नाहीच. वास्तविक पाच मिनिटांवर म्हणता येईल अशी आमच्या टॉवरपासून तीच एक जागा. पावसाळ्याच्या तोंडावर सुक्या बोंबलांसाठी लांबलांबून बायका तिथे येतात, त्यांना कुणी नकाशा देत नाही.

मिठी नदी मात्र तुम्ही अगदी मनापासून काढली आहे. निळीशार, वळणदार, काठाला दोन झाडं. विहार आणि पवई तलावांचं पाणी घेऊन मरोळवरून विमानतळाच्या धावपट्टीखाली शिरणारी हीच ती नदी ना? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ती तुमच्या रेषेत राहिली नव्हती. त्या दिवशी कित्येक पोरं रात्रभर शाळेत अडकली. पाच मिनिटांवरच्या शाळेतून घरी यायला दुसरा दिवस उजाडला. पण हे काही तुमच्या तक्त्यात बसणारं नाही, तेव्हा असो.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. रस्ता वाकडा आणि चित्रात सरळ, हे मुंबईत चालायचंच. तुमची खरी करामत पुढे आहे. शाळा जवळ आहे म्हणजे ती आपल्याला मिळणार, हे तुम्ही एक अक्षर न लिहिता सांगितलंत, आणि आम्ही दोघांनी वीस वर्षांच्या हप्त्यांवर सह्या ठोकल्या. सासूबाईंनी तेव्हाच विचारलं होतं, "शाळा काय नळासारखी घराला जोडून देतात का रे?" बायकोने त्यांना तुमचा नकाशा दाखवला. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "टोप्या छान आहेत."

फॉर्मच्या दिवसांत पाचांपैकी एका शाळेच्या खिडकीशी उभा राहिलो. नाव सांगत नाही, तुम्हाला ठाऊकच असेल, टोपी तुम्हीच घातलीत. खिडकीतल्या बाईंनी क्रम ऐकवला: आधी शाळेतल्या मुलांची भावंडं, मग माजी विद्यार्थ्यांची मुलं, मग संस्थेशी संबंधित कुटुंबं, आणि उरल्या जागा तर सोडत. मी म्हटलं, आम्ही अगदी शेजारी राहतो. त्या म्हणाल्या, "हो, बरेच जण राहतात." मग फॉर्मवर पत्त्याला दोन ओळी कशासाठी? "बस लागणार की नाही ते कळायला."

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला आहे. तिथे घर कुठल्या हद्दीत आहे त्यावर पोराची सरकारी शाळा ठरते, म्हणून जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलच्या हद्दीतल्या घरासाठी लोक जास्त पैसे मोजतात. इंग्लंडमध्येही बऱ्याच शाळांत जागा कमी पडल्या की अंतर मोजतात. पद्धत चांगली की वाईट, ते राहू दे (मला विचाराल तर वाईटच, श्रीमंताच्या गल्लीला चांगली शाळा आणि बाकीच्यांना उरलेली), पण निदान तिथे पैसे मोजले की काहीतरी पदरात पडतं. इथे आम्ही किंमत एडिसनची दिली आणि खिडकीवर रांग मरोळची लावली. परदेशातली रीत उचलून तिच्यातला हक्क तेवढा तिकडेच ठेवून यायचा, हे कसब पाहून थक्क व्हायला होतं.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड. मुलाची किंवा पालकांची चाळणी लावली तर पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. त्यामुळे आमच्या चिरंजिवांची कुठेही मुलाखत झाली नाही. एका बाईंनी सहज गप्पांत त्याला लाल ठोकळा कुठला ते विचारलं आणि आम्हाला सहज गप्पांत आमच्या कंपन्यांची नावं. अंतर किती, हे त्या गप्पांतही आलं नाही.

पण अंतर मोजणारी एक जागा आहे, महाशय, आणि तिथे तुमच्यासारख्या कलावंताची फार गरज होती. त्याच कायद्यातले वंचित आणि दुर्बल घटकांसाठीचे २५ टक्के प्रवेश. तिथे खरोखर घर ते शाळा अंतर लागतं: आधी एक किलोमीटरच्या आतले, मग तीनपर्यंतचे. अर्ज ऑनलाइन. गुगल नकाशावर आपल्या घरावर एक बलून नेऊन टेकवायचा, तोही मोजक्याच वेळा हलवता येतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई झोपडपट्टीत भाड्याने राहतात. त्यांचा बलून सायबर कॅफेतल्या पोराने टेकवला. गल्लीला नाव नाही, तुमच्या नकाशात तर ती गल्लीच नाही. तिथे तुम्ही हिरवा रंग फासून तीन नारळ लावले आहेत. भाडेकराराची नोंदणी हवी, आणि घरमालक नोंदणीचं नाव काढलं की गावाला जातो. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. म्हणजे अंतराचा हक्क आहे तो तुमचं माहितीपत्रक ज्यांच्या हाती कधी पडणार नाही त्यांना. आणि ज्यांच्या हाती तुम्ही ते देता, त्यांना अंतराचा काडीचा उपयोग नाही. शिवाय टोपीवाल्या शाळांपैकी कुठली अल्पसंख्याक संस्थेची निघाली, तर २०१४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिला हा कायदाच लागू नाही. ताईंचा बलून तिच्या फाटकावर जाऊन बसला तरी.

सरकारलाही एकदा तुमच्यासारखी अंतराची हौस आली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला: खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबईत एक किलोमीटरच्या वर्तुळात अशी एकही शाळा नसलेली जागा शोधायला बहुधा समुद्रात जावं लागेल. उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही पुढच्याच महिन्यात त्यात हात घालायला नकार दिला. तेवढ्या महिन्यांत ताईंसारख्यांचं वर्ष टांगणीला लागलं होतं. तुम्ही जवळची शाळा दाखवून आम्हाला घर विकलंत, सरकार जवळची शाळा दाखवून ताईंना वाटेला लावत होतं. दोघांचा कंपास एकाच दुकानातला दिसतो.

आणि ती जवळची पालिकेची शाळा? तीही तुमच्या नकाशात नाही. पाच टोप्या आहेत, दोन मॉल आहेत, मरोळ नाक्याची मेट्रो आहे, एका कॉफीच्या दुकानाचा कपसुद्धा आहे. इतक्या वर्षांत हजारो पोरांना शिकवलेली पालिकेची इमारत मात्र गायब. ती दिसली तर चौरस फुटाचा भाव उतरतो, असं सेल्सवाला मुलगा खासगीत म्हणाला. गंमत म्हणजे पालिकेने २०२० मध्ये जोगेश्वरी पूर्वेला पूनमनगरात सीबीएसईची शाळा सुरू केली, तर तिथे अर्जांची अशी रीघ लागली की सोडती काढाव्या लागल्या. म्हणजे टोपी तिलाही शोभली असती. पण तुमच्या रंगपेटीत पालिकेचा रंग नसेल.

मोजमाप तुम्हा मंडळींना येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. करारात चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये, दशांशानंतर दोन आकडे. मुद्रांक शुल्क सहा टक्के, नोंदणीचे तीस हजार, पै न पै. फक्त शाळेचं अंतर तेवढं कलाकाराची कल्पना. रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२ मध्ये लिहिलंय की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत. म्हणूनच तुमच्या पानाच्या कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, 'नकाशा प्रमाणात नाही' अशी ओळ आहे. त्या पानावरचं तेवढं एक वाक्य खरं आहे, आणि ते मला भिंग लावून वाचावं लागलं.

तर चिरंजीव आता पवईच्या पलीकडे जातात. बस सहा पन्नासला फाटकाशी येते. ती साकीनाक्याकडून फिरते तेव्हा तुमच्या पाचांपैकी दोन शाळांवरून जाते, आणि तो खिडकीतून त्यांना टाटा करतो. त्याला वाटतं, त्या बसच्या थांब्याच्या शाळा आहेत.

परवा लिफ्टमध्ये कुणीतरी शेजारच्या नव्या टॉवरचं माहितीपत्रक विसरलं होतं. हात तुमचाच, लगेच ओळखला. शाळा आता तीन मिनिटांवर आल्या आहेत, अभिनंदन. लाल ठिपका नव्या टॉवरवर गेला आहे आणि आमच्या वीस मजल्यांच्या जागी तुम्ही एक बाग दाखवली आहे. बाकावर एक जोडपं बसलंय, शेजारी एक लहान मूल. तेवढी जागा चौरस मीटरमध्ये कळवाल का? सोसायटी देखभालीचे पैसे त्यावरच लावायचं म्हणते आहे.

आपला,
बागेतला एक रहिवासी