पात्रं काल्पनिक, प्रेतं खरी

गुन्हेगारी मालिका लिहिणाऱ्यांना नीतिमत्ता नसते, असं चर्चासत्रांतून वरचेवर ऐकू येतं. तिथे मला कुणी बोलावत नाही, म्हणून इथे सांगतो. नीतिमत्ता आहे. चांगली लेखी आहे आणि मोडली तर चॅनेलच्या लीगलवाल्यांचा मेल येतो.

परवाच्याच एपिसोडचं घ्या. खुनी नवरा गच्चीत सिगारेट ओढतोय. सिगारेट दिसली की खाली तंबाखूच्या दुष्परिणामांची पट्टी हवी. 1 सप्टेंबर 2023 पासून ओटीटीलाही त्यातून सूट नाही. त्याच्या दुसऱ्या हातात सुरा आहे. सुऱ्याला पट्टी लागत नाही. प्रेक्षकांच्या फुप्फुसांची काळजी वाहून चॅनेलनं सिगारेट कापली आणि सुऱ्याचा क्लोज-अप तेवढा वाढवून मागितला. खून होताना दारातलं कुत्रं भुंकतं, असं मी लिहिलं होतं. कुत्र्यासाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी! कुत्रं गेलं. मागे रेडिओवर जुनं गाणं वाजत होतं. त्याचे हक्क म्युझिक कंपनीकडे, आणि कंपनीचा आकडा ऐकून निर्माता मटकन खाली बसला. गाणंही गेलं. उरली मेलेली बायको. ती खऱ्या घटनेतली असल्यामुळे फुकट होती. तिची आई अजून हयात आहे, पण आईच्या परवानगीचा रकाना आमच्या कुठल्याच फॉर्मवर नाही.

तिच्यासाठी आम्ही नाव बदलतो. प्रोमोत ‘सत्य घटनेवर आधारित’ हे पडदाभर येतं आणि एपिसोडच्या आधी ‘सर्व पात्रे काल्पनिक’ हे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असण्याची सोय फक्त आमच्या धंद्यात आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड होईल असं काहीही छापू नये, असं कायदा म्हणतो. पूर्वी कलम 228-अ होतं, आता न्याय संहितेत 72 आहे. चॅनेल त्यातलं ‘काहीही’ वगळून वाचतं. नाव बदललं, पण गाव, कॉलेज, ओढणीचा रंग तोच. रिसर्च वाया कसा घालवायचा?

डिसेंबर 2022 मध्ये ‘क्राइम पेट्रोल’चा एक एपिसोड लागला. वसईच्या मुलीचा दिल्लीत झालेला खून नोव्हेंबरात उघडकीला आला होता, तोच प्रेक्षकांना त्यात दिसला. त्या प्रकरणात पोलिसांचं आरोपपत्र जानेवारी 2023 च्या शेवटी आलं. म्हणजे आमचा धंदा तपासात पुढे! प्रेक्षक मात्र खवळले ते पात्रांचे धर्म बदलले म्हणून. चॅनेलनं एपिसोड काढला, दिलगिरी व्यक्त केली. मुलगी जाऊन वर्षही झालं नव्हतं, याचा राग फारसा कुणाला आल्याचं मला दिसलं नाही.

एकेकाळी दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची, ‘हॅलो इन्स्पेक्टर’ लागायची. त्यात बघायचा तो पोलीस. आता तेवढ्यावर भागत नाही. 2016 मध्ये वाईत उघडकीला आलेल्या हत्यांवरून ‘देवमाणूस’ ही मालिका सुचली, असं ती आली तेव्हा छापून आलं होतं. त्यातला खुनी घरोघरी लाडका झाला. एका बाईचं प्रेत पुरून होईपर्यंत त्यातलीच सरू आजी दोन म्हणी फेकायची आणि आपण पोट धरून हसायचो. (त्या म्हणी फक्कड होत्या, मला हेवा वाटायचा.) पुढे दुसरं पर्व आलं, 2025 मध्ये ‘मधला अध्याय’ही आला. मेलेल्या बायकांना पुढचं पर्व मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तर, वाचकहो, नव्या सीझनसाठी आम्हाला कथा हव्या आहेत. तुमच्या सोसायटीत, वाड्यात, भावकीत असं काही घडलं असेल तर सविस्तर कळवा, फोटो असल्यास उत्तम. नावं आम्ही बदलून घेऊ. मानधन देण्याची पद्धत नाही.