नाव घ्यायचं नाही!

खेड्यापाड्यांत रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. त्यामुळे साप येतच नाही असं नाही. पण आपण त्याला किती भितो, ते मात्र सगळ्यांना कळतं. ॲपलच्या ॲप स्टोअरच्या नियमावलीतलं २.३.१० हे कलम याच जातीचं आहे. दुसऱ्या मोबाइल प्लॅटफॉर्मचं किंवा दुसऱ्या ॲप-बाजाराचं नाव, चिन्ह, चित्र, काहीही ॲपच्या वर्णनात दिसता कामा नये. अपवाद फक्त कंपनीनं मंजूर केलेल्या सोयीचा. २०१० साली ‘फ्लॅश ऑफ जीनियस’ नावाच्या ॲपनं गूगलच्या अँड्रॉइड स्पर्धेत अंतिम फेरी गाठल्याचं वर्णनात मोठ्या हौसेनं लिहिलं, तर तो उल्लेख काढायला लावला गेला. हे ॲप सॅट परीक्षेसाठी मुलांचा शब्दसंग्रह वाढवणारं! तो एका शब्दानं कमी करूनच त्याला दुकानात बसावं लागलं.

गंमत अशी, की ही कंपनी मुळात लाजाळू नव्हे. १९८१ साली आयबीएमनं पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा तिनं वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन आयबीएमचं नावानिशी स्वागत केलं. २००६ ते २००९ या काळात तर ‘पीसी’ नावाचं एक गबाळं पात्र उभं करून तिनं टीव्हीवर त्याची यथेच्छ टिंगल केली. आजही तिचं ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप गूगलच्या प्ले स्टोअरवर उजळ माथ्यानं बसलेलं आहे. त्याचं काम एकच, अँड्रॉइडची गिऱ्हाइकं पळवणं. म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर आपलं नाव चालतं, आपल्या ओसरीवर दुसऱ्याचं नाही.

दुकान त्यांचं, नियमही त्यांचे, असं कुणी म्हणेल. कबूल. पण बहुतेक देशांत आयफोनवाल्याला ॲप घ्यायला दुसरं दुकानच नाही. ज्याला कुठे जाताच येत नाही, त्याच्यापासून शेजारच्या दुकानाचं नाव लपवून कुणाचं रक्षण होतं? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोकळीक दिली तर प्रत्येक भुरटं ॲप शोधात वर येण्यासाठी नामवंतांची नावं वर्णनात कोंबेल. खरं आहे, पण ती फसवणूक झाली, आणि तिच्यासाठी वेगळे नियम आहेतच. ‘हे ॲप अँड्रॉइडवरही चालतं’ ही मात्र माहिती आहे. घरात नवऱ्याकडे एक फोन आणि बायकोकडे दुसरा असेल, तर खर्चाचा हिशेब दोघांना मिळून ठेवता येईल का, हे ॲप घेण्याआधीच कळायला हवं. ते लपवून नुकसान होतं ते गिऱ्हाइकाचंच.

तेव्हा खोटं नाव लावणाऱ्याला हाकला आणि खरं सांगणाऱ्याला बोलू द्या. एवढा विवेक करायला ॲपलकडे तपासनीस पगारावर आहेतच. सध्या ते बिचारे वर्णनांमध्ये ‘अँड्रॉइड’ हा शब्द हुडकत बसतात. इतक्या निष्ठेनं तो शब्द गूगलच्या कचेरीतही कुणी शोधत नसेल.