नाणेसम्राटांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत नाणेसम्राट,
टीव्हीवरचं खरेदी-दुकान,
वेळ : गाव झोपल्यापासून कोंबडा आरवेपर्यंत.

विषय : आपला ‘ऐतिहासिक सुवर्ण नाणे महासंग्रह’ आपणच परत विकत घेण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

आपलं खरं नाव आम्हाला ठाऊक नाही. पडद्यावर फोन नंबर येतो, किंमत येते, उलटं धावणारं घड्याळ येतं. मालकाचं नाव तेवढं येत नाही. म्हणून ‘नाणेसम्राट’ हा किताब आम्हीच बहाल केला आहे. गोड मानून घ्यावा.

पत्रास कारण की, मध्यरात्री आपण जे राष्ट्रकार्य चालवलं आहे, त्याची दखल कोणीतरी घ्यायला हवी होती. इतिहास शाळेत शिकवून कंटाळा येतो, किल्ल्यावर जाऊन गुडघे दुखतात. आपण तोच इतिहास मखमली डबीत घालून, ९,९९९ रुपयांवर काट मारून, फक्त २,९९९ रुपयांत घरपोच करता. शिवाय ‘पहिल्या शंभर ग्राहकांना’ लक्ष्मीचं नाणं मोफत. हे शंभर ग्राहक गेली कित्येक वर्षं पुरे झालेले नाहीत, ही आपल्या सचोटीची खूणच म्हणायची.

आम्ही सुदुंबऱ्याचे, तालुका मावळ. आपल्याकडे आमचा पिनकोड आहे, पण गावाची माहिती नसावी, म्हणून थोडक्यात सांगतो. एका अंगाला तळेगाव, दुसऱ्या अंगाला चाकण, दोन्हीकडे एमआयडीसी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आमच्याच गावात आहे. पूर आला, दरड कोसळली, इमारत खचली की हे जवान निघतात. आपल्या पार्सलमुळे घरात येणारी आपत्ती मात्र त्यांच्या अखत्यारीत येत नाही. आणि या पट्ट्यात जमिनीला भाव आल्यापासून म्हाताऱ्या माणसांच्या खात्यात चार पैसे असतात, हे आपल्याला आमच्या तलाठ्याच्याही आधी कळलेलं दिसतं.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या आळीतल्या नानांनी आपला संच मागवला. कुरियरवाल्या पोराने आधी पैसे घेतले, मग खोकं हातात दिलं. ‘उघडून बघू दे’ म्हटल्यावर ‘तसा नियम नाही काका’ म्हणाला. खोक्यात खोकं, त्यात डबी, डबीत लाल मखमल आणि मखमलीत सोनेरी नाणी. त्यातली दोन आम्ही ओसरीवरच्या उजेडात धरून पाहिली. एकावर छत्रपती शिवाजी महाराज, साल १९९९. दुसऱ्यावर संत तुकाराम महाराज, साल २००२. दोन्ही अकरा कोनांची, दोन्ही दोन रुपयांची. सरकारनं ही नाणी चलनासाठीच काढली होती. तांबं-निकेलची, वजनाला सहा ग्रॅम. एके काळी एसटीच्या कंडक्टरने सुटे म्हणून हातावर ठेवली, तेव्हा आम्ही ती न बघता खिशात टाकली होती. आपण त्यांना सोन्याचं पाणी दिलंत आणि त्यांचा ‘वारसा’ झाला. एका कोपऱ्यावर पाणी उडालं होतं, तिथून निकेलचा पांढरा रंग डोकावत होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं आमच्या आजीनं एवढ्यावरूनच म्हटलं असतं.

सोन्याचाही हिशेब करून पाहिला. हे नाणं २६ मिलिमीटर व्यासाचं. मुलामा एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढा धरला, तर दोन्ही बाजू आणि कडा मिळून त्यावर साधारण सव्वादोन मिलिग्रॅम सोनं बसतं. तोळ्याला लाख रुपये भाव धरला, तर हे सोनं झालं सुमारे तेवीस रुपयांचं. तेवीस आणि दर्शनी दोन मिळून पंचवीस. डबीचे आणि मखमलीचे वेगळे लावा, आम्ही हात आखडता घेणार नाही. तरीसुद्धा २,९९९ चा आकडा गाठायला इतिहासाला बरीच दमछाक करावी लागते.

नाना डबी घेऊन तळेगावच्या एका सराफाकडे गेले. त्यानं एक नाणं कसोटीवर घासलं, दुसरं उलटसुलट करून पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, “नाना, डबी छान आहे.”

मग नानांनी आपल्या ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. टीव्हीवर आपण म्हणाला होता की दहा वर्षांत किंमत दहापट होईल. नानांचं म्हणणं एवढंच की, दहापट राहू द्या, घेतल्या भावाला परत घ्या. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, “सर, हे कलेक्टिबल आहे, आम्ही परत घेत नाही. पण तुमच्यासाठी आज चांदीच्या संचावर पन्नास टक्के सूट आहे.”

महोदय, या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. जी वस्तू दहा वर्षांत दहापट होणार याची आपल्याला खात्री आहे, ती आज आहे त्याच भावाला घरी ठेवून घ्यायची आपली तयारी का नाही? आमचा साधा सराफसुद्धा त्याच्याकडचं सोनं मोडायला नेलं की घट कापतो, मजुरी बुडवतो, कुरकुर करतो, पण घेतो. चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथला दलाल काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. पण बैलाचं तोंड उघडून दात मोजू देतो, चार पावलं चालवून दाखवतो, आणि तोच बैल पुढच्या शनिवारी तुम्ही विकायला आणलात तर त्यालाही भाव सांगतो. पडेल भाव सांगेल, पण सांगेल. आपल्या बाजारात भाव एकाच दिशेनं बोलला जातो.

आपण सोबत एक प्रमाणपत्रही धाडता. जाड कागद, सोनेरी कडा, चमकणारा होलोग्राम, खाली वाचता न येणारी सही. ‘हे नाणे अस्सल असल्याची हमी देण्यात येते.’ हमी कोण देतं? जो विकतो तोच. सुदुंबऱ्याच्या माणसाला कागदाचं महत्त्व सांगू नये. ज्यांनी तुकोबांची गाथा लिहून ठेवली, त्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी आमच्या गावात आहे. तेलाचा घाणा चालवणारा माणूस, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतला एक. लिहिलेल्या कागदाची पत कागदाच्या जाडीवर नसते, लिहिणाऱ्यावर असते, हे आम्ही त्यांच्यामुळे जाणतो. २००९ साली टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. त्या तिकिटावर किंमत छापलेली आहे, आणि ती काट मारलेली नाही.

आपण ‘दुर्मीळ’ हा शब्द दर मिनिटाला वापरता, म्हणून त्याबद्दलही दोन शब्द. शिवरायांचा सोन्याचा होन दुर्मीळ आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचा हा होन, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. आज हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच ठाऊक आहेत, म्हणून त्याच्या नकलाही उदंड. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया दुर्मीळ आहे, कारण त्या सालचे फारच थोडे रुपये आज शिल्लक आहेत. दुर्मीळपणा काळाच्या चाळणीतून गाळून उरतो. तो कारखान्यात बनवून ‘मर्यादित आवृत्ती’चं लेबल चिकटवलं की तयार होत नाही. तांब्याची शिवराई तर घराघरांत असायची. बाजारात आजही मिळते, आणि चांगल्या स्थितीतली असेल तरच तिला भाव येतो. मातीत घासून, चिंचेत उकळून ‘जुनी’ केलेली शिवराईही मिळते. तिला भाव आपल्याकडेच येतो.

आता थोडं कायद्याचं. नाणं पाडायचा अधिकार फक्त सरकारचा, हे २०११ च्या नाणे कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार सरकारी टांकसाळी सोडून कोणी काही पाडलं, तर त्याला बिल्ला म्हणावं, पदक म्हणावं, पण चलन म्हणू नये. ‘अधिकृत चलन’ म्हणून असाच माल अमेरिकेत विकला गेला. न्यूयॉर्कचे मनोरे पडले, त्यांच्या ढिगाऱ्याखालच्या तिजोरीतली चांदी वापरल्याचं सांगून टीव्हीवर ‘फ्रीडम टॉवर’ डॉलर विकायला काढला. प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांचं नाव त्यावर होतं. त्या बेटांना नाणं काढायचा अधिकारच नव्हता आणि चांदी म्हणजे नुसता वरचा मुलामा. २००४ साली न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी न्यायालयात जाऊन विक्री थांबवली. तेव्हा आपली युक्ती आपली स्वतःची आहे, असा गर्व नसावा.

आणि ते मोफत लक्ष्मीचं नाणं ‘घरात बरकत आणतं’ असं आपली निवेदिका सांगते ना, तिला जरा आवरा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये टीव्हीवरच्या ‘हनुमान चालीसा यंत्रा’च्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या आहेत. विकणाराच नव्हे, दाखवणारी वाहिनीही जबाबदार धरली आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस दहा लाखांपर्यंत दंड आहे. तेवढ्यात आपले सुमारे ३३३ संच होतात. पहिले शंभर ग्राहक कधीतरी संपतील, तेव्हा उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.

आपले एक धाकटे बंधूही आहेत. ते टीव्हीवर येत नाहीत, मोबाइलवर येतात. ‘तुमच्याकडे ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट आहे का? वैष्णोदेवीचं नाणं आहे का? लाखो रुपये मिळतील.’ आमच्या मावळात ट्रॅक्टरची नोट कोणाच्या पेटीत नाही? वैष्णोदेवीची पाच-दहा रुपयांची नाणी २०१२ सालची, चलनातली, देवघरात सापडतात. मग फोटो मागवला जातो, नोट ‘पास’ होते, अभिनंदन होतं, आणि त्यानंतर नोंदणीचे साडेसातशे, जीएसटीचे चार हजार, ‘रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे’ अकरा हजार असे हप्ते सुरू होतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा काडीचा संबंध नाही, ती कसलंही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावानं घ्यायला तिनं कोणालाही नेमलेलं नाही. पण बंधूंचा धंदा आपल्यापेक्षा एका पायरीनं पुढे आहे, हे मान्य करा. आपण निदान डबी तरी पाठवता.

आपण नाणं विकता आणि परत घेत नाही. बंधू नाणं विकत घेतो म्हणतात आणि पैसे आमच्याकडूनच घेतात. दोन्हींकडे पैसा सुदुंबऱ्याहून निघतो आणि आपल्याकडे पोचतो. उलट वाटेनं एक दिडकीही आलेली आम्ही पाहिली नाही.

सबब आमच्या मागण्या फार नाहीत. पडद्यावर किंमत दिसते तेवढ्याच मोठ्या अक्षरात धातू, वजन आणि सोन्याच्या थराची जाडी लिहावी. सरकारला हे जमतं. नव्या संसद भवनानिमित्त २०२३ साली निघालेलं पंचाहत्तर रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, त्यात निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबं, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त, असं राजपत्रात आधी छापलं, मग नाणं विकलं. तेही दर्शनी किमतीहून बरंच महाग मिळतं, पण काय घेतोय ते कळतं. आणि दुसरी मागणी विषयात लिहिलीच आहे. ज्या भावानं विकलंत, त्याच्या निम्म्या भावानं परत घेण्याची लेखी हमी द्या. निम्म्यानं तरी! दहापट वाढणारी वस्तू निम्म्यात मिळत असताना आपण नाही म्हणाल, असं आम्हाला वाटत नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
सुदुंबऱ्याचा एक प्रेक्षक

ता. क. : हे पत्र नाणेसम्राट वाचणार नाहीत, म्हणून गावकऱ्यांसाठी दोन ओळी. नाण्यांचा नाद वाईट नाही. तो पोराबाळांना जरूर लावा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नाणं हातात घेऊन, घासाघीस करून घेता येतं. सरकारी संच हवा असेल तर थेट टांकसाळीकडून मागवा. शेत नांगरताना जुनी नाणी सापडली तर मात्र ना विकायची ना वितळवायची. दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, १८७८ पासूनचा कायदा आहे. टीव्हीवरून फसला असाल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर १९३० वर, आणि तोही त्याच दिवशी. उशीर केलात तर पैसे परत मिळणं कठीण. आणि कोणीही काहीही ‘गुंतवणूक’ म्हणून विकायला आलं, तर पैसे काढण्याआधी एकच विचारा : उद्या तुम्हीच हे कितीला परत घ्याल? उत्तर आलं नाही, तर फोन ठेवून द्या.