निळे काका

निळ्या काकांच्या घरी मासे आहेत हे पाहुण्याला बहुधा चहा संपता संपता कळतं. तोवर बोलणं दिव्याचंच चाललेलं असतं.

कोथरूडच्या त्यांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी आहे आणि तिच्यावर छताच्या हुकाला एक काळा, चपटा एलईडी दिवा टांगलाय. तो लागला की खिडकी निळी होते. नव्या वॉचमनला वाटलं, डास मारायचं यंत्र. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना वाटलं, कुणीतरी दवाखाना काढला. कुरिअरवाल्यांची पत्त्याची सोय झाली आणि सोसायटीतल्या पोरांनी बारसं करून टाकलं. काकांना त्याचा राग नाही. एका पहिलीतल्या पोराला त्यांनी एवढंच विचारलं, “निळे म्हणजे किती? साडेचारशे नॅनोमीटर ना?”

या जातीची माणसं मुळातच अशी नसतात. आधी घरात बाउलमधला गोल्डफिश येतो, मग गप्पी, मग एंजल. मग एखाद्या रविवारी क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात पोरगं ‘निमो, निमो’ म्हणून हात ओढतं आणि घरात खारं पाणी येतं. खाऱ्या पाण्यामागून प्रवाळ येतं. प्रवाळ आलं की माणूस मान वर करून दिव्याकडे बघतो, आणि ती मान पुन्हा खाली येत नाही. काकांचा निमो टाकीत गोल गोल फिरत असतो. त्याला खायला काकू घालतात.

आता काकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या शरीरात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. म्हणजे दिवा हाच त्या टाकीतला स्वयंपाक. “आमच्याकडे दोन स्वयंपाकघरं आहेत,” काकू म्हणतात, “आणि मिक्सर बंद पडलाय तो माझ्यातला.”

शिवाय हा उजेड नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. निळा प्रकाश आपल्या डोळ्यांना मंद भासतो, शैवालाला मात्र तोच अंगी लागतो. नवशिका टाकीसमोर उभा राहून म्हणतो, “अंधारच आहे, थोडा वाढवू या.” आठवड्याभरात प्रवाळ पांढरं पडतं, कारण आतलं शैवाल घर सोडून गेलेलं असतं. साधा लक्समीटरही इथे फसतो, कारण तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने बनवलेला. लागतो तो पार मीटर. त्याचा सेन्सर पाण्यात बुडवायचा आणि 400 ते 700 नॅनोमीटरमधला, वनस्पतींच्या कामाचा प्रकाश मोजायचा. हे यंत्र महाग, त्यामुळे शहरातल्या दहा-बारा रीफवाल्यांत मिळून एकच. ते ज्याच्याकडे मुक्कामाला असतं त्याच्या घरी त्या आठवड्यात पाहुणे जेवायला बोलवत नाहीत.

मीटर काकांकडे आला तेव्हा त्यांनी टाकी मोजली, मग देवघर, मग बाल्कनी. काकूंच्या वाचायच्या खुर्चीपाशी सेन्सर धरून म्हणाले, “इथे जेमतेम चार भरतंय गं.” काकूंना वाटलं, चला, आता नवी ट्यूब येणार. काका पुढे म्हणाले, “इथे काहीच जगणार नाही.”

दिवा निवडताना त्यांनी जेवढी स्थळं पाहिली तेवढी मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती. रेडिऑन घ्यावा की हायड्रा? केसिलची पाण्यातली लहर सुंदर, पण पसारा पुरेल का? रीफवाल्यांच्या मंडळातले जुने लोक अजून मेटल हॅलाइडचे दिवस काढून उसासतात. तो दिवा पाणी इतकं तापवायचा की वर चिलर बसवावा लागे, हे मात्र ते सांगत नाहीत. दुसरा गट टी-फाइव्ह ट्यूबवाला. त्यांचं म्हणणं, एलईडीचा उजेड एका ठिपक्यातून पडतो, म्हणून फांद्यांखाली काळी सावली राहते. काकांनी सगळ्यांचं ऐकलं आणि सगळ्यात जोरकस एलईडी आणला: फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोराला तीनशे पार लागला तरी कमी पडू नये.

खरी गंमत पुढेच आहे. 2001 सालापासून आपल्याकडे खडक उभारणारी सगळी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. अ‍ॅक्रोपोरा त्यातच. काका पापभीरू. सिग्नल पिवळा झाला तरी थांबतात, कोथरूडात मागच्याच्या शिव्या खाऊनही. त्यामुळे त्यांच्या टाकीत आहेत ती खडक न उभारणारी मऊ प्रवाळं: मश्रूम आणि मूठभर झोआ. मश्रूमला पन्नास पार म्हणजे पोटभर जेवण. तुळशीच्या एका कुंडीसाठी उजनीचा कालवा दारात आणावा तसा हा प्रकार. आता त्यांची सगळी बुद्धी, आणलेला दिवा किती कमी लावायचा, यात खर्च होते. सध्या तो अठरा टक्क्यांवर आहे. एकोणीस करावा का, यावर मंडळात विचारविनिमय चालू आहे.

बरं, काका दिवसभर ऑफिसात. म्हणून अ‍ॅपवर टाकीचा सूर्योदय दुपारी एकला ठेवलाय. भर माध्यान्ह संध्याकाळी सहाला, घरी येऊन चहा घेताना डोळे भरून बघता यावी म्हणून. रात्री साडेदहाला सूर्य मावळतो आणि फिकट निळा चंद्र उगवतो. पावसाळ्यातल्या एका संकष्टीला आभाळ गच्च भरलेलं, काकांच्या आईंचा उपास सुटेना. त्यांनी टाकीकडे बघत हळूच विचारलं, “हा चालेल का रे?”

गुरुवारी वीज गेली की इन्व्हर्टरवर पंप तेवढा चालतो, दिवा बंद. काका शांत. पाणी फिरलं नाही तर प्राणवायू संपेल, उजेडावाचून मात्र प्रवाळं एखादा दिवस सहज काढतात. “समुद्रावर ढग येतातच की,” काका म्हणाले. काकू म्हणाल्या, “मग ढगच आणायचे होते. फुकट आले असते.”

मालवणला सगळे स्नॉर्केलिंगला गेले होते. जावई, नातवंडं पाण्यात आनंदाने ओरडत होती. काकांनी मास्क लावून डोकं खाली घातलं, बराच वेळ पाहिलं, वर येऊन तोंडातलं पाणी थुंकलं आणि म्हणाले, “गढूळ आहे. तळाशी शंभरसुद्धा नसेल.” तिथे दगडांवर जिवंत प्रवाळ होतं, आणि ते त्यांच्या मश्रूमपेक्षा कितीतरी धष्टपुष्ट होतं, हे जावयाने दाखवून दिलं. काका दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात सगळ्यात मोठ्या मश्रूमने खडकावरची पकड सोडली. मश्रूम असं करतात. जागा मानवली नाही की सुटून वाहत जातात आणि दुसरीकडे चिकटतात. हा वाहत वाहत कपारीच्या आत, पार सावलीत जाऊन बसला आणि तिथे पुरीसारखा टम्म फुगला. काकूंनी त्याला मनोमन हात जोडले. काका दोन दिवस टॉर्च घेऊन कपारीत बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मंडळात चौकशी केली, खडकाच्या खालून आत मारता येईल असा छोटा स्पॉटलाइट कुणी वापरलाय का. पाण्यात चालणारा हवा. निळा.