भाषाव्यावसायिकांच्या संघाचे अध्यक्षपद भूषविण्याची रीत

ज्या गावी मोडी वाचणारा एक, निझामी उर्दूचा उलगडा करणारा एक, दस्त लिहून देणारे दोन, लग्नपत्रिका जुळविणारा एक आणि दुकानांच्या पाट्या रंगविणारा एक, एवढी माणसे अक्षरावर पोट भरीत असतील, त्या गावी त्यांचा संघ निघाल्यावाचून राहणे हे मराठी स्वभावास सोडून होईल. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यास किमान सात असामी लागतात, ही अडचण खरी. परंतु सातवा जो कोणी मिळेल, त्यास अक्षराशी काही कर्तव्य नसल्यामुळे फुरसत विपुल असणार, तेव्हा त्यालाच अध्यक्ष करावे.

स्थळ म्हणून औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार सर्वथा अनुकूल होय. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निझामाच्या अंमलात, मग हैदराबाद राज्यात, 1956 साली मुंबई राज्यात, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 1 मे 1999 रोजी परभणी सोडून हिंगोली जिल्ह्यात, एवढा प्रवास या गावाने बैलगाडीचे चाकही न हलविता केला. राज्ये बदलली, दप्तराची भाषा बदलली. बांध आणि त्या बांधावरचा भावकीचा तंटा मात्र जागच्या जागी राहिले. म्हणून घरोघरच्या ट्रंकांतून मुंतखब, सेतवारीचे उतारे असे जमिनीचे जुने कागद निघतात, आणि ते वाचणारा माणूस घरात नसतो. 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध मांडला, तेव्हा मोडी व उर्दू जाणणारांची सरकारासही आठवण झाली. असा सुयोग साधून संघ काढावा.

पदांच्या वाटपात भाषेचा इतिहास सांभाळावा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष हे शुद्ध संस्कृत, म्हणून त्यांनी केवळ शोभावे. चिटणीस आणि खजिनदार यांच्या अंगी फारसी रक्त, म्हणून लिहिणे व मोजणे त्यांच्याकडे. शिवकाळी फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश होऊनही चिटणीस चिटणीसच राहिला, यावरून कामाच्या माणसास हटविणे किती दुर्घट ते ध्यानी यावे. ‘सभासद’ हा शब्दही संस्कृतच, पण त्याच्या वाट्यास खुर्ची नाही, सतरंजी.

प्रत्येक भाषण याच जिल्ह्यातील नरसीच्या नामदेवांपासून आरंभावे. त्यांची पदे गुरू ग्रंथ साहिबात पोचली, यात संघाचा हात नव्हता, ही गोष्ट भाषणात येऊ देऊ नये.

आता धोक्याचा प्रसंग. एखादा सभासद उठून विचारील, ‘वर्गणी भरली, मला काय मिळाले?’ हा प्रश्न जवळा बाजारात विशेष संभवतो, कारण येथला माणूस हळदीचे पोते विकताना मापाड्याच्या काट्यावर डोळा ठेवून उभा असतो आणि पट्टी हाती पडेपर्यंत हलत नाही. त्यास दिनदर्शिका द्यावी. न भागल्यास प्रमाणपत्र. तरीही न भागल्यास त्याची एखाद्या उपसमितीवर नेमणूक करावी. 1885 साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेस बोलाविले असता, ज्यांच्या हिताची वास्तपुस्त तेथे नाही त्यांनी तेथे यावे कशाला, अशा आशयाचे पत्र जोतीराव फुल्यांनी धाडले होते. ते पत्र संघाच्या ग्रंथालयात ठेवू नये.

खरे पाहता त्या सभासदाचे मागणे फार नसते. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरे टांगण्याची चाल असून शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचा रिवाज नाही. शिकस्ता वळणाच्या उर्दूत लिहिणाराने घाईने नुक्ते गाळले, की ब, त आणि न यांत भेद उरत नाही. एका नुक्त्यापायी आजोबाचे नाव बदलते आणि नावापायी जमीन. अशा वेळी त्या बिचाऱ्यास एवढेच हवे असते, की शंकेचा शब्द दुसऱ्या जाणत्याने पाहावा आणि दोघांच्या सहीने वाचन पक्के व्हावे. शिवाय पानास दर किती, हे सर्वांनी एकदा ठरवावे, म्हणजे बारीक अक्षराचे गच्च पान आणि चार ओळींचे विरळ पान एकाच मोलाने जाणार नाही. अध्यक्षाने या दोन्ही सूचनांपासून सावध राहावे. त्यांस खर्च येत नाही. खर्च नाही म्हणजे ठराव नाही, आणि ठराव नाही म्हणजे वार्षिक अहवालात लिहावे काय?

उलट, दोन गट पडतील अशी तजवीज ठेवावी. सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असेल, तर कार्यकारिणीतला बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. तेथे दोन गटांचे दोन बदल अर्ज पडले, की पुढची काही वर्षे संघ जिवंत आहे याबद्दल कोणास संशय उरत नाही.

वार्षिक सभा बाजाराच्या दिवशी ठेवू नये. ठेवल्यास असे होते, की अध्यक्ष नामदेवांपर्यंत पोचतात न पोचतात तोच फडक्यात गुंडाळलेला कागद घेऊन कोणी म्हातारा दाराशी येतो, ‘बघा की मालक, वाचता येतंय का कोणाला’ म्हणतो. मोडीवाला उठतो, पाठोपाठ उर्दूवाला, मग दस्तवाले दोघेही, आणि ओट्यावर चार डोकी एका कागदावर वाकतात. आत अध्यक्षांनी विचलित होऊ नये. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब केल्याचे चिटणिसाकडून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, नियमाप्रमाणे गणपूर्तीची अट न राहिल्यामुळे, सर्व विषय एकमताने मंजूर करावेत.